डावा अंगठा, उजवा अंगठा

जव्हार-मोखाड्याच्या बाजारात सुके बोंबील, मिरच्या आणि प्लॅस्टिकच्या घागरी यांच्या रांगेत हल्ली एक मोठी छत्री दिसते. छत्रीवर मोबाइल कंपनीचं नाव, छत्रीखाली स्टूल, स्टुलावर एक पोरगा आणि त्याच्या हातात काडेपेटीएवढं यंत्र. "अंगठा ठेवा," पोरगा म्हणतो. गिऱ्हाईक ठेवतं. पोरगा मोबाइलकडे बघून कपाळाला आठ्या घालतो. "नीट लागला नाही. परत ठेवा." गिऱ्हाईक सदऱ्याला अंगठा पुसतं आणि परत ठेवतं. जन्मभर नागलीची लावणी, भाताची कापणी आणि वीटभट्टीवर विटा थापणं झाल्याने रेषा झिजलेल्या असतात. चूक आपल्याच अंगठ्याची, याबद्दल त्याच्या मनात शंका नसते. बहुतेक वेळा ते खरंही असतं. कधी कधी मात्र पहिला अंगठा झकास लागलेला असतो. दुसरा असतो तो दुसऱ्या सिमसाठी, आणि ते सिम कुणाच्या खिशात जातं हे गिऱ्हाइकाला कळत नाही.

सरकारी नियमाप्रमाणे एका माणसाच्या नावावर नऊ सिमकार्डं चालतात. निसर्गाने कान दिले दोन, पण दूरसंचार खात्याची माणसाच्या ऐकण्याच्या ताकदीबद्दल कल्पना मोठी असावी. आपल्या नावावर नेमकी किती सिमं फिरताहेत ते बघायची सोयही याच खात्याने केली. १६ मे २०२३ रोजी 'संचार साथी' सुरू झालं. तिथे आपला नंबर टाकायचा, ओटीपी टाकायचा, की आपल्या नावावरच्या सगळ्या नंबरांची यादी पुढ्यात येते. अनोळखी नंबरापुढे 'हा माझा नाही' असं नोंदवता येतं. हरवलेला फोन बंद पाडण्याची सोयही तिथेच आहे. उत्तम साधन आहे. फक्त ते वापरायला स्मार्टफोन लागतो, रेंज लागते आणि ओटीपी लागतो. रेंजसाठी टेकडीवरच्या ठरलेल्या दगडावर जाऊन उभं राहावं लागत असेल, तर ओटीपी आल्यावर तो खालच्या माणसाला ओरडून सांगितला जातो. ओटीपी कुणालाही सांगू नये, ही सूचना अशा रीतीने सगळ्या पाड्याला एकदमच कळते.

तसं पाहिलं तर पाड्यावर खासगी गोष्ट ही चीज दुर्मीळच. कुणाकडे कोंबडी शिजली हे वासावरून कळतं, कुणाचा जावई रुसला हे त्याच्या चालण्यावरून आणि दिवाळीनंतर कोण भिवंडीकडच्या भट्टीवर गेलं हे दाराच्या कडीवरून. पण हा व्यवहार दोन्हीकडून असतो. शेजारीण आपल्या घरातलं जेवढं जाणते, तेवढंच तिच्या घरातलं आपण जाणतो. जास्त बोलली तर आपल्याकडेही चार गोष्टी शिल्लक असतात. कंपनीच्या घरी आज काय शिजलंय, हे मात्र कुणालाच कळत नाही. तिला आपली जन्मतारीख, नातेवाईक, मुक्काम आणि रात्री अडीचला कुठला व्हिडिओ बघितला तेही ठाऊक. आपल्याला तिच्याबद्दल माहीत काय, तर छत्रीचा रंग.

अंगठ्याचं हे नातं जुनं आहे. एकलव्याने उजवा अंगठा दिला तेव्हा अटी आणि शर्ती वाचायला मागितल्या नव्हत्या. पुढे १८५८ साली बंगालमधल्या जंगीपूरला विल्यम हर्शेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने रस्त्याच्या खडीचा करार करताना राज्यधर कोनाई या कंत्राटदाराचा अख्खा पंजा शाईत बुडवून कागदावर उठवून घेतला. हर्शेलनेच पुढे लिहून ठेवलं की, 'ही सही माझी नाही' म्हणायची त्या माणसाची छाती होऊ नये, म्हणून हा खटाटोप होता. हाताचा ठसा घेण्यामागे ओळख पटवण्यापेक्षा धाक घालण्याचा हेतू आधी होता, तर! इकडे डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात सावकार-जमीनदाराच्या कागदावर वारल्याचा डावा अंगठा उमटे आणि वर काय लिहिलंय ते फक्त सावकार जाणे. लग्नापुरतं कर्ज काढणारा 'लग्नगडी' होऊन बायकोसकट राबे. १९४५ साली शामराव आणि गोदावरी परुळेकरांच्या साथीने वारली उठले आणि ती वेठ मोडली. ज्याला वाचता येत नाही, त्याच्याकडून संमती घेणं किती सोपं असतं, हे या भागाला वेगळं शिकवायला नको.

फरक एवढाच पडलाय की, आता वाचता येणाऱ्यांचीही तीच गत आहे. त्या काळी डावा अंगठा शाईत बुडायचा, आता उजवा अंगठा काचेवर टेकतो. 'मला मान्य आहे' या बटणासमोर पीएचडीवाला आणि अंगठेबहाद्दर एकाच रांगेत उभे असतात. अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी २००८ साली हिशेब मांडला होता. आपण जाऊ त्या प्रत्येक संकेतस्थळाचं गोपनीयता धोरण वाचायचं म्हटलं, तर वर्षाला दोनशेहून जास्त तास लागतील. तेवढ्या वेळात एक एकर भात लावून, कापून, झोडूनही होईल, आणि खायला तांदूळ मिळेल तो वेगळाच.

न वाचण्याचे परिणाम काय होतात, ते १ एप्रिल २०१० रोजी इंग्लंडमध्ये दिसलं. गेमस्टेशन नावाच्या दुकानाने आपल्या ऑनलाइन अटींमध्ये गुपचूप एक कलम घातलं: गिऱ्हाईक आपला अमर आत्मा कंपनीला देत आहे. साडेसात हजार माणसांनी दिला. यमराजाला जे काम करायला रेडा घेऊन यावं लागतं, ते चौकोनातल्या एका खुणेने उरकलं. ज्यांनी कलम वाचून नकार दिला, त्यांना पाच पौंडांचं कूपन मिळालं. असे फारच थोडे निघाले. आत्म्यांवर आपण हक्क सांगणार नाही, असं कंपनीने मागाहून जाहीर केलं.

दुसरी गोष्ट बॅटरीची. वीज गेली की फोनची बॅटरी लावायची, हे जव्हार-मोखाड्यात पोरालाही कळतं. 'ब्राइटेस्ट फ्लॅशलाइट' नावाचं एक ॲप अमेरिकेत असाच उजेड पाडायचं. माणूस कुठे उभा आहे, हेही ते जाहिरातवाल्यांना कळवायचं. डिसेंबर २०१३ मध्ये तिथल्या व्यापार आयोगाने त्याला धरलं तेव्हा कळलं की, 'मान्य' आणि 'अमान्य' यांतलं बटण माणसाने दाबण्याआधीच माहिती निघून गेलेली असायची. म्हणजे उजेड पडायचा तो भलत्याच ठिकाणी. हल्लीच्या फोनमध्ये प्रत्येक ॲपची परवानगी वेगवेगळी काढून घेता येते. सेटिंगमध्ये जाऊन बघावं. कॅल्क्युलेटरला मामाचा फोननंबर कशाला हवा असतो, हा प्रश्न तिथे हमखास पडतो.

आता साधनांच्या बाजारात एक फेरी मारू.

पहिला मान १९०९ चा. हा दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या व्यवस्थेतला नंबर. फोन करा किंवा मेसेज करा, फुकट आहे आणि साध्या बटणाच्या फोनवरूनही चालतो, म्हणून डोंगरी मुलखात याच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही. जाहिरातींचे फोन आणि मेसेज बंद करायचे असतील तर इंग्रजीत 'स्टार्ट' लिहायचं, पुढे शून्य टाकायचं आणि १९०९ ला पाठवायचं. होय, बंद करण्यासाठी 'स्टार्ट'. सरकारी भाषेचा हा गुण वाचकांना नवीन नसावा. सगळंच नको असेल तर शून्य, नाहीतर बँक, घरबांधणी, शिक्षण, आरोग्य, पर्यटन असं एकेक निवडून बंद करता येतं. मोखाड्यात घरकुलाच्या पुढच्या हप्त्याची वाट बघणाऱ्या माणसाला 'ठाण्यात लेक व्ह्यू टू बीएचके, फक्त एक कोटीपासून' असा फोन येतो. जव्हारच्या माणसाला 'गर्दीपासून दूर, निसर्गाच्या कुशीत आदिवासी जीवनाचा अनुभव घ्या' असा मेसेज येतो, तेव्हा तो हा अनुभव डोक्यावर हंडा घेऊन घेतच असतो. एवढं करूनही फोन आलाच, तर सात दिवसांच्या आत १९०९ वरच तक्रार करता येते.

दुसरं दुकान नाव सांगणाऱ्या ॲपचं. ट्रूकॉलर ही २००९ साली स्वीडनमध्ये निघालेली कंपनी, पण तिचे सगळ्यात जास्त वापरकर्ते भारतात. इथली खुबी अशी की, आपण ते ॲप कधी घेतलं नसलं तरी आपलं नाव तिथे असू शकतं. दुसऱ्याने आपल्याला ज्या नावाने ओळखलं ते नाव. त्यामुळे गावचे प्रतिष्ठित नागरिक 'पक्या जेसीबी', 'उधारी बंद' किंवा 'उचलू नको' अशा नावांनी देशभर झळकतात. नाव काढून घ्यायची सोय कंपनीच्याच संकेतस्थळावर आहे. 'अनलिस्ट' करायचं म्हणतात त्याला. मात्र त्यासाठी आपला नंबर तिथे टाकावा लागतो. माझं नाव विसरा, हे सांगायला आधी नाव सांगायचं.

तिसरं दुकान आधारचं. पहिलं आधार कार्ड दिलं गेलं तेही महाराष्ट्रातल्या एका आदिवासी गावातच: नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत, २९ सप्टेंबर २०१० रोजी. तेव्हापासून झेरॉक्सवाल्यांना बरे दिवस आलेत. आधार प्राधिकरणाच्या बंगळूरच्या प्रादेशिक कार्यालयाने २७ मे २०२२ रोजी सल्ला दिला की, आधारची झेरॉक्स कुणालाही देत सुटू नका, फक्त शेवटचे चार आकडे दिसणारं झाकलेलं आधार द्या. सल्ला शहाणपणाचा होता. त्यामुळेच की काय, लोकांचा गैरसमज होईल म्हणून दोन दिवसांत तो मागे घेतला गेला. झाकलेलं आधार मात्र अजूनही डाउनलोड करता येतं. खऱ्या नंबराऐवजी देण्यासाठी सोळा आकडी आभासी क्रमांक काढता येतो. आपलं आधार कुठेकुठे वापरलं गेलं, याचा मागच्या सहा महिन्यांचा इतिहास बघता येतो. चौकशीला १९४७ हा फोन आहे. स्वातंत्र्याचं साल लक्षात ठेवण्याला आता एक व्यावहारिक कारणही झालं.

आधारचा आकडा उघड झाला म्हणून काय बिघडतं, हे दाखवायला जुलै २०१८ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे तेव्हाचे अध्यक्ष आर. एस. शर्मा यांनी स्वतःचा नंबर ट्विटरवर टाकला आणि काय नुकसान करायचं ते करून दाखवा म्हणाले. लोकांनी त्यांचा फोन, पत्ता, जन्मतारीख असं बरंच काही शोधून मांडलं. ही माहिती आधारमधून गेली नाही, ती आधीच उघड होती, असा खुलासा आधार प्राधिकरणाने केला. एकाने तर त्यांच्या खात्यात एक रुपया जमा करून पावती दाखवली. एवढ्या मोठ्या माणसाचं नुकसान करायला निघालेल्या या देशातल्या लोकांनी त्याला शेवटी एक रुपयाचा फायदा करून दिला.

आधारमध्ये आणखी एक नामी सोय आहे. बोटांच्या ठशांना कुलूप लावता येतं. मग कुणीही, छत्रीखालचा पोरगासुद्धा, आपला अंगठा वापरू शकत नाही. मोखाड्यातल्या एखाद्या हुशार माणसाने हे कुलूप लावलं असं धरू. पहिल्या आठवड्यात निवांत. मग रेशन येतं. दुकानातल्या ई-पॉस यंत्रावर अंगठा ठेवावा, तर यंत्र नाही म्हणतं, कारण कुलूप त्यालाही आहे. कुलूप उघडायला ओटीपी हवा. ओटीपी जातो आधारला जोडलेल्या नंबरवर. तो नंबर जोडताना घरात फोन नव्हता, म्हणून सेवा केंद्रवाल्याने आपलाच देऊन टाकलेला. सेवा केंद्रवाला आज तालुक्याला गेलाय. आपली माहिती आता इतकी सुरक्षित झाली की, खुद्द आपल्यालाही तिच्यापाशी जाता येत नाही आणि तांदळापाशीही.

चौथं दुकान कर्जाच्या ॲपचं. सावकार निदान दारात येऊन शिव्या द्यायचा. ॲपवाला फोनमधली सगळी नावं उचलायचा आणि हप्ता चुकला की सासऱ्यापासून मास्तरांपर्यंत सगळ्यांना कळवायचा. याने देशात अनेकांना जीव नकोसा झाला, तेव्हा २ सप्टेंबर २०२२ रोजी रिझर्व्ह बँकेने नियम काढले. कर्ज देणाऱ्या ॲपने फोनमधली नावं, कॉलची नोंद, फोटो यांना हात लावायचा नाही. कॅमेरा किंवा ठिकाण हवं तर एकदाच, कर्जदाराच्या संमतीने. दिलेली संमती मागे घेण्याचा आणि माहिती पुसून मागण्याचा हक्क कर्जदाराला. एखादं ॲप तरीही नावं मागत असेल, तर ते रिझर्व्ह बँकेच्या कुणाही माणसाला ओळखत नाही, असं समजून चालायला हरकत नाही.

या सगळ्या सुट्या दुकानांवर एक पक्कं छप्पर घालायचं काम कायद्याने केलं. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपण हा मूलभूत हक्क असल्याचं एकमुखाने सांगितलं. खटला होता निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांचा. मग ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा आला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम. कायद्याची भाषा वकिली आहे, पण गावच्या माणसाला तलाठ्याच्या कचेरीतून सगळं समजतं. कंपनीकडे आपल्याबद्दल काय आहे ते मागायचा हक्क, म्हणजे माहितीचा सातबारा. चूक दुरुस्त करून घ्यायचा हक्क, म्हणजे फेरफार. काम संपल्यावर पुसून टाकायला लावायचा हक्क, म्हणजे बोजा उतरवणं. आणि आपल्यामागे हे हक्क कोण बजावणार ते नेमून ठेवायचा हक्क, म्हणजे वारसनोंद. वडिलांची जमीन सात भावांत वाटली गेली असेल, तरी निदान त्यांचं ईमेल बंद करायला एक वारस नक्की असेल.

सातबारा मागितला तर केवढा निघतो, याचा अंदाज व्हिएन्नाच्या एका विद्यार्थ्यामुळे जगाला आला. माक्स श्रेम्स कायदा शिकत होता. २०११ साली त्याने फेसबुककडे आपली माहिती मागितली आणि बाराशेहून जास्त पानं हातात आली. त्याने पुसून टाकलेल्या गोष्टीही त्यात होत्या. तलाठी आप्पाही इतकं जुनं जपत नाहीत.

आपल्या कायद्यातल्या दोन-तीन गोष्टी मजेशीर आहेत. यात प्रत्येक नागरिकाचा उल्लेख 'ती' असा केलाय, पुरुष असला तरी. कागदावर ही प्रगती मोठी आहे, फोन मात्र अजून बहुतेक घरांत 'त्या'च्या खिशात असतो. कंपनीने घोळ घातला तर दंड २५० कोटी रुपयांपर्यंत. नागरिकाने उगीच खोटी तक्रार केली तर तिलाही, म्हणजे त्यालाही, दहा हजारांपर्यंत दंड. संमती मागणारी सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या बावीसपैकी हव्या त्या भाषेत मिळायला हवी. त्यात मराठी आहे, कोकणी आहे. वारली नाही, कातकरीही नाही. जव्हार-मोखाड्यातल्या किती घरांत चुलीपाशी बोलल्या जाणाऱ्या या भाषा, पण कंपनीला त्या येत नाहीत. कंपन्यांवरची मुख्य बंधनं नियमांप्रमाणे लागू व्हायची आहेत मे २०२७ मध्ये. त्याआधी, नोव्हेंबर २०२६ पासून, 'कन्सेंट मॅनेजर' नावाचे नोंदणीकृत मध्यस्थ काम सुरू करू शकतील. कुणाला कुठे हो म्हटलं ते एकाच ठिकाणी बघायचं आणि तिथूनच नाही म्हणायचं. बँकेच्या माहितीपुरती अशी व्यवस्था 'अकाउंट ॲग्रिगेटर' या नावाने सप्टेंबर २०२१ पासून चालूही आहे.

माहिती इथून निघून कुठे जाते, याची मोखाड्याला कल्पना करून देणं अवघड नाही. तालुक्यातल्या कोचाळे गावाजवळ मध्य वैतरणा धरण आहे. २०१४ पासून तिथलं पाणी मुंबईला जातं, आणि उन्हाळ्यात मोखाड्याच्या पाड्यांवर टँकर येतो. माहितीचंही तसंच. डोंगरावर रेंज नसली तरी फोनला उपग्रहावरून आपण कुठे आहोत ते कळतं. माणूस फोन लावू शकत नाही, पण फोन माणसाचा माग ठेवू शकतो, आणि रेंज आली की साठलेलं सगळं उताराला लागतं. परत येतं ते जाहिरातीच्या टँकरमधून. गूगलच्या खात्यात 'माझी ॲक्टिव्हिटी' उघडून ही नोंद बघता येते, थांबवता येते आणि ठरावीक महिन्यांनी आपोआप पुसली जाईल असंही करता येतं. या तोटीला झडप तरी आहे.

वाचकांनी निदान तीन गोष्टी या आठवड्यात कराव्यात. १९०९ ला मेसेज करावा, आणि घरातल्या म्हाताऱ्यांच्या फोनवरूनही करावा. 'संचार साथी'वर आपल्या नावाची सिमं मोजावीत. दुकानदाराने बिलासाठी मोबाइल नंबर मागितला तर नाही म्हणावं. नंबरासाठी अडवून धरू नका, असं ग्राहक व्यवहार विभागाने दुकानदारांना मे २०२३ मध्येच बजावलेलं आहे. आणि बाजारात छत्रीखालच्या पोराने दुसऱ्यांदा अंगठा मागितला, तर पहिल्याचं काय झालं ते आधी त्याच्या मोबाइलवर बघून घ्यावं.